वॉर्डातून रुग्णवाहिकेत: एका परिचारिकेचा मार्गबदल



आंग मो किओमधील ज्या इमारतीत मी राहतो, तिच्या पायथ्याशी महिन्यातून दोन-तीनदा तरी रुग्णवाहिका येऊन थांबते. ही वसाहत १९७०च्या दशकात उभी राहिली. तेव्हा तरुण वयात येथे घर घेतलेली जोडपी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यामुळे सायरनचा आवाज येथे नित्याचा झाला आहे. खाली बाकांवर बसलेले वृद्ध मान वळवून पाहतात, कोणत्या मजल्यावर माणसे चढली याचा अंदाज घेतात आणि पुन्हा आपल्या गप्पांकडे वळतात. मीही अनेक वर्षे असाच खिडकीतून पाहत होतो. माझी धाकटी बहीण त्या गाडीत बसू लागली, तेव्हापासून मात्र मला त्या आवाजाकडे निर्विकारपणे पाहता येत नाही.

बहिणीने नागपुरात बी.एस्सी. नर्सिंग केले, तेथेच दोन वर्षे अतिदक्षता विभागात काम केले आणि २०१५ साली ती सिंगापूरला आली. सिंगापूर नर्सिंग बोर्डाची परवाना परीक्षा ती उत्तीर्ण झाली आणि पुढील सात वर्षे तिने एका रुग्णालयाच्या वॉर्डात काढली. घरी पैसे पाठवले, आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन केले, गावाकडचे घर पक्के केले. आपल्या समाजातील कितीतरी घरांचा कायापालट मुलींच्या परिचारिकेच्या नोकरीने झाला आहे. त्यांतील एक घर आमचे. आणि एका रविवारी जेवताना ती शांतपणे म्हणाली, “दादा, मी वॉर्ड सोडते आहे. रुग्णवाहिकेवर जाणार.”

आईचा प्रश्न

मी गप्प राहिलो. व्हिडिओ कॉलवर असलेली आई मात्र गप्प राहिली नाही. ती म्हणाली, “तुझ्या आजानं ढोरं ओढणं सोडलं, अन् तू आता माणसं ओढणार?”

हे वाक्य बाहेरच्या माणसाला कठोर वाटेल. आपल्या वाचकांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस खाणे आणि परंपरेने लादलेली हलकी कामे टाकून देण्याचे आवाहन केले. गावोगावच्या माणसांनी ते मनावर घेतले आणि त्याची किंमतही मोजली. आमच्या आजोबांनी १९५६च्या धम्मदीक्षेनंतर गावातील मेलेले जनावर उचलण्यास नकार दिला. त्या वर्षी त्यांना गावात कोणी मजुरीला बोलावले नाही. आईच्या मनात शिक्षणाचा हिशेब त्या दिवसापासून सुरू होतो. नातीने पांढरा गणवेश घालणे हे तिच्या लेखी त्या नकाराचे फळ होते. आता तीच नात स्ट्रेचर उचलणार, अनोळखी माणसाची ओकारी आणि रक्त पुसणार, मध्यरात्री जिने चढणार, हे तिला पायऱ्या उतरण्यासारखे वाटले.

मला स्वतःला काय वाटले, तेही प्रामाणिकपणे सांगतो. मला ‘चार माणसांत काय सांगायचे’ असे वाटले. मी स्वतः पदव्युत्तर शिक्षण घेतलेला सॉफ्टवेअर अभियंता. बहीण परिचारिका आहे, हे सांगताना मला अभिमान वाटे. ‘ॲम्ब्युलन्सवर आहे’ असे म्हटले की समोरचा विचारतो, “म्हणजे गाडी चालवते का?” आईची वेदना इतिहासातून आलेली होती, माझी अडचण निव्वळ प्रतिष्ठेची होती. हा फरक कळायला मला बराच वेळ लागला.

वॉर्डात घर दिसत नाही

तिने हा निर्णय का घेतला? कंटाळा हे कारण नव्हते. ती म्हणाली, “वॉर्डात पेशंट त्याच्या घराशिवाय येतो. त्याला स्वच्छ चादर मिळते, हातात पट्टी बांधली जाते, आणि तो ‘बेड बारा’ होतो. त्याआधीच्या अर्ध्या तासात काय झालं, हे आम्हाला कागदावरून कळतं.” त्या अर्ध्या तासातच पुष्कळदा सारे ठरलेले असते, हे तिने अतिदक्षता विभागात वारंवार पाहिले होते. हृदय अचानक बंद पडल्यास छातीवर दाब देणे आणि विजेचा धक्का देणे यांत जो प्रत्येक मिनिट वाया जातो, त्यागणिक जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णालय कितीही सुसज्ज असले तरी ही मिनिटे त्याच्या भिंतींबाहेर सरतात.

नवे काम सुरू झाल्यावर तिने सांगितलेला एक प्रसंग, ओळख पटेल असा तपशील वगळून, येथे देतो. एक वृद्ध स्त्री न्हाणीघरात पडली होती आणि काही तास तशीच पडून होती. हाड मोडलेले नव्हते. वॉर्डात ती आली असती तर ‘घसरून पडली’ एवढीच नोंद झाली असती. बहिणीने मात्र घर पाहिले. स्वयंपाकघरातील टेबलावर तीन वेगवेगळ्या पिशव्यांत औषधे होती आणि रक्तदाबाची एकच गोळी दोन निरनिराळ्या नावांनी दोन पिशव्यांत होती. शीतकपाटात जवळजवळ काही नव्हते. तिने त्या तिन्ही पिशव्या बरोबर घेतल्या आणि रुग्ण सोपवताना तेथील परिचारिकेला हे सारे सांगितले. पडण्याचे कारण त्या पिशव्यांत होते.

कामाचे स्वरूप किती बदलते

परिचारिकेला रुग्णवाहिकेवर अगदी नव्याने सुरुवात करावी लागत नाही, पण बऱ्याच गोष्टी पुन्हा शिकाव्या लागतात. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनचे प्रमाण, ईसीजी, शिरेत सुई लावणे, औषधाची मात्रा, संसर्ग टाळण्याची शिस्त, नातेवाइकांशी बोलणे आणि रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवताना मोजक्या शब्दांत माहिती देणे ही वॉर्डातील शिदोरी पुरेपूर उपयोगी पडते. रात्रपाळीची सवयही असतेच.

नवे असते ते असे. वॉर्डात एक हाक मारली की डॉक्टर येतो. गाडीत दोघे-तिघेच असतात. तेथे प्रकाश, खाटेची उंची, सामानाची जागा सारे ठरलेले असते. येथे रुग्ण कपाट आणि पलंग यांच्या मधल्या फटीत सापडतो. पहिला प्रश्न रुग्णाविषयी नसतो, तर जागेविषयी असतो: ही जागा आपल्यासाठी सुरक्षित आहे का? वाहती वाहने, विजेची तार, गॅस, चिडलेला माणूस, कुत्रा हे पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. मग श्वासमार्ग, श्वसन आणि रक्ताभिसरण या क्रमाने तपासणी. वॉर्डातील परिचारिकेला हा नियम सर्वांत जड जातो, असे बहीण म्हणते, कारण तिचे पाय आपोआप रुग्णाकडे धावतात. निदानाची घाई करायची नसते. आत्ता जीव कशाने जाईल आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे, एवढेच ठरवायचे असते. जुन्या इमारतींच्या अरुंद लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावत नसेल तर खुर्चीत बांधून न्यायचे, मानेला धक्का न लावता वळवायचे, हे अंगमेहनतीचे शास्त्रही शिकावे लागते.

आमच्या क्षेत्रातही ‘ऑन-कॉल’ असते. रात्री दोन वाजता सर्व्हर कोसळला की आम्हीही उठतो. पण सर्व्हर पुन्हा सुरू करता येतो. बहिणीला मी एकदा विनोदाने हे साम्य सांगितले, तेव्हा ती नुसती हसली. त्यानंतर मी ते पुन्हा सांगितले नाही.

सिंगापूरची व्यवस्था

येथील आणीबाणीची रुग्णवाहिका सेवा सिंगापूर सिव्हिल डिफेन्स फोर्स, म्हणजेच एससीडीएफ, चालवते. अग्निशमन आणि रुग्णवाहिका ही दोन्ही कामे एकाच दलाकडे आहेत. १९८९ साली अग्निशमन सेवा या दलात विलीन झाली. क्रमांक ९९५. जिवावरचे संकट नसेल तर १७७७. एससीडीएफच्या गाडीत सामान्यतः तिघे असतात: एक पॅरामेडिक, एक इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन म्हणजे ईएमटी, आणि एक चालक. राष्ट्रीय सेवा बजावणारे तरुणही या गाड्यांवर काम करतात. वर्षाला दोन लाखांहून अधिक हाका या सेवेकडे येतात आणि त्यांत वृद्धांचा वाटा मोठा आहे.

एससीडीएफची गणवेशधारी नोकरी प्रामुख्याने येथील नागरिकांसाठी असते. आपल्यासारख्या स्थलांतरितांना खुला मार्ग म्हणजे परवानाधारक खासगी रुग्णवाहिका सेवा. २०२०च्या आरोग्यसेवा कायद्याने ‘आणीबाणी रुग्णवाहिका’ आणि ‘वैद्यकीय वाहतूक’ अशा दोन वेगळ्या सेवा मानल्या आहेत. पहिलीत तातडीचे उपचार करता येतील असे मनुष्यबळ आणि साहित्य लागते. दुसरीत प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाची ने-आण असते. नोकरी स्वीकारताना आपण यांपैकी कोणत्या सेवेत जातो आहोत, हे स्पष्ट विचारून घ्यावे. बहिणीने २०२२ मध्ये ईएमटीचे प्रशिक्षण घेतले आणि पुढच्या वर्षी ती एका खासगी सेवेत रुजू झाली.

ही चढण की उतरण?

आता पुन्हा आईच्या प्रश्नाकडे वळू. त्याला तुच्छतेने उडवून लावणे हा आपल्याच इतिहासाचा अपमान ठरेल.

विनयपिटकाच्या महावग्गात एक कथा आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले. मग भगवंतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले आणि मंचकावर ठेवले. ही कथा मी लहानपणी विहारात ऐकली होती. करुणेची कथा म्हणून ती माझ्या लक्षात होती. बहिणीने ती ऐकून विचारले, “म्हणजे दोन माणसांनी उचललं, एक डोक्याकडे, एक पायांकडे?” रुग्णवाहिकेवर आजही तसेच उचलतात. डोक्याकडचा माणूस इशारा देतो आणि दोघे एकदम उठतात.

दुसरी आठवण आपल्या मातीतली. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. सावित्रीबाईंनी आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्याच्या परिसरात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच वयाच्या सहासष्टाव्या वर्षी सावित्रीबाई तेथे गेल्या आणि त्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या मुलाची सावलीही इतरांना नको होती, त्याला त्यांनी आपल्या पाठीवर वाहिले. वाहून नेण्याच्या कामाला हीन ठरवणारे शास्त्र त्यांनी त्या वाटेवर मोडून काढले.

तिसरे उदाहरण दूरचे आहे, पण नाते जवळचे आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात १९६०च्या दशकात आजारी माणसाला पोलिसांच्या गाडीतून वा अंत्यविधीवाल्यांच्या गाडीतून रुग्णालयात नेत असत; वाटेत उपचार होत नसत. कृष्णवर्णीयांच्या हिल डिस्ट्रिक्ट वस्तीत तर पोलिसांची गाडी येईलच याची खात्री नव्हती. १९६७ साली तेथे ‘फ्रीडम हाऊस’ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. कृत्रिम श्वसनाच्या तंत्राचे प्रवर्तक डॉ. पीटर साफर यांनी, ज्यांना कोणी नोकरी देत नव्हते अशा त्या वस्तीतील तरुणांना, सुमारे ३०० तासांचे कसून प्रशिक्षण दिले. अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित पॅरामेडिकांमध्ये त्यांची गणना होते. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांच्याबरोबर काम करून जो अभ्यासक्रम घडवला, तो देशभरच्या पॅरामेडिक शिक्षणाचा पाया ठरला. १९७५ मध्ये शहराने सेवा स्वतःकडे घेतली आणि यांतील अनेक अनुभवी कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना हळूहळू बाजूला सारले. काम कमी प्रतीचे मानले जात होते तेव्हा ते त्यांचे होते. त्याला प्रतिष्ठा आणि पगार आला तेव्हा ते इतरांचे झाले. हा अनुभव आपल्याला परका नाही.

या तिन्ही गोष्टींवरून मला एक कसोटी सापडते. कामात घाण आहे का, ओझे आहे का, हा प्रश्न गौण आहे. ते काम जन्मावरून लादलेले आहे की निवडलेले? त्यासाठी प्रशिक्षण, साधने, हातमोजे, विमा, सुटी आणि रास्त मोबदला मिळतो की नाही? ते सोडण्याचे स्वातंत्र्य आहे की नाही? आजोबांच्या वाट्याला यांतले काहीही नव्हते. बहिणीने आईला दिलेले उत्तर याहून सोपे होते: “आजोबांना ओढावंच लागत होतं, आई. मला कोणी लावलेलं नाही. मी परीक्षा देऊन गेले.” या कसोटीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. ज्या सेवेत हातमोजे मोजून दिले जातात आणि पाठ दुखावली तर माणूस बदलला जातो, तेथे गणवेश कितीही चकचकीत असला तरी आईचा प्रश्न खरा ठरतो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी

आपल्या वाचकांत परिचारिका भगिनी आणि बंधू बरेच आहेत, म्हणून बहिणीच्या अनुभवातून काही मुद्दे देतो.

पहिला मुद्दा परवान्याचा. सिंगापुरात कामाचा पास मालकाशी बांधलेला असतो. नवा मालक नवा पास काढून देईपर्यंत हातची नोकरी सोडू नये. नर्सिंगचे कामकाज प्रमाणपत्र शक्यतो चालू ठेवावे, म्हणजे परतीचा दरवाजा उघडा राहतो.

दुसरा मुद्दा देशोदेशींच्या फरकाचा. नेदरलँड्समध्ये रुग्णवाहिकेवर प्रामुख्याने विशेष प्रशिक्षण घेतलेली परिचारिका असते. स्वीडनमध्येही नोंदणीकृत परिचारिका गाडीवर असतात. तेथे हा बदल व्यवसायांतर्गत बढतीसारखा असतो. ब्रिटनमध्ये मात्र परिचारिका आणि पॅरामेडिक यांच्या नोंदणीच्या संस्थाच वेगळ्या आहेत, त्यामुळे पॅरामेडिक म्हणवून घेण्यास स्वतंत्र पात्रता लागते. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१८ पासून पॅरामेडिकांची राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली असून नर्सिंग आणि पॅरामेडिसिन अशी जोडपदवी देणारी विद्यापीठेही तेथे आहेत. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ सेवेत ९३७ गाड्या आल्या, त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या होत्या. पण तेथे गाडीवर डॉक्टर नेमण्याची पद्धत राहिली. २०२१च्या केंद्रीय कायद्याने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी आखली आणि त्यात आणीबाणी तंत्रज्ञांनाही स्थान दिले. गावाकडच्या मुलामुलींना सल्ला देताना हे लक्षात ठेवावे.

तिसरा मुद्दा शरीराचा आणि मनाचा. बहिणीचे वेतन सुरुवातीला वॉर्डापेक्षा कमी झाले. पहिल्या वर्षी तिची कंबर दोनदा धरली. वॉर्डात मृत्यू झाला तर पाळीतल्या मैत्रिणी बरोबर असतात; येथे अर्ध्या तासात गाडी धुऊन पुढच्या हाकेला जायचे असते. एका रात्री ती घरी येऊन न बोलता बराच वेळ बसून राहिली. मी काही विचारले नाही, चहा केला. अशा वेळी बोलायला सहकारी, समुपदेशक किंवा घरचे माणूस हवे. ही व्यवस्था आधीच लावून ठेवावी. ध्यानाचा तिला उपयोग होतो, पण तो उपचाराला पर्याय नाही, असे ती स्वतःच सांगते.

माझी एक चूक

शेवटी माझ्याविषयी. एससीडीएफचे ‘मायरिस्पॉन्डर’ हे ॲप २०१५ पासून वापरात आहे. चारशे मीटरच्या आत कोणाचे हृदय बंद पडल्याची हाक आली की ते नोंदणी केलेल्या नागरिकांना कळवते. सरकारी वसाहतींत दर दोन इमारतींमागे एक एईडी यंत्रही बसवलेले आहे. तंत्रज्ञान म्हणून मला ते ॲप आवडले होते, म्हणून मी घेतले होते. एका दुपारी मी ऑनलाइन बैठकीत असताना फोन वाजला. मी सूचना पाहिली आणि बोटाने बाजूला सारली. काही मिनिटांनी खिडकीतून सायरन ऐकू आला. ती व्यक्ती कोण होती, पुढे काय झाले, मला कधीच कळले नाही.

बहिणीला हे सांगितले तेव्हा ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “तुझ्या इमारतीजवळचं एईडी कुठे आहे, माहीत आहे का तुला?” मला माहीत नव्हते. पुढच्या महिन्यात मी सिंगापूर हार्ट फाउंडेशनचे सीपीआर आणि एईडीचे प्रशिक्षण घेतले. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, छाती किमान पाच सेंटिमीटर दबली पाहिजे. दोन मिनिटांतच हात भरून येतात. बहिणीची मेहनत मला तेव्हा प्रथमच हातांतून समजली.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. येत्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात भाषणांतील अर्धा तास कमी करून सर्वांना छातीवर दाब देण्याचे प्रात्यक्षिक द्यावे. आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना ते शिकता येते. शिकवायला बहीण तयार आहे. पुतळे मिळवण्याची जबाबदारी मी घेतो.

आई अजून पूर्णपणे राजी झालेली नाही. मागच्या वेळी येथे आली असताना ती खाली बाकावर बसली होती, आणि समोर गाडीतून उतरलेल्या दोन मुली एका आजोबांना खुर्चीत बांधून नेत होत्या. तिने ते शेवटपर्यंत पाहिले. रात्री बहिणीला फोन करून म्हणाली, “कमरेले पट्टा बांधत जा वं, पोरी.”

जय भीम. नमो बुद्धाय.